तीव्र डोंगरउतारावर सुट्टीसाठी लाकडी घर बांधायचंय. जमीन कापून सपाट करावी की घर खांबांवर उचलावं?

घर खांबांवरच उचला, डोंगर कापू नका. उतार कापला की वरच्या मातीचा पायथ्याचा आधार जातो, आणि खालच्या बाजूला टाकलेला भराव पाणी मुरून खचतो. लाकडी घर हलकं असतं, त्यामुळे ते काँक्रीटच्या मोजक्या पायांवर उभं राहतं आणि पावसाचं पाणी खालून मोकळं वाहून जातं. फक्त लाकूड मातीला टेकू देऊ नका. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. काँक्रीट जमिनीच्या १५०-२०० मिमी वर आणून त्यावर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पोलादी बुटात, म्हणजे खांबाचं टोक धरणाऱ्या धातूच्या खोबणीत, खांब बसवा. खांबांना जोडणाऱ्या तिरक्या आधारांत (ब्रेसिंग) तर अजिबात काटकसर नको! चढाकडचे खांब आखूड म्हणून ताठ असतात. भूकंपात आडवा जोर मुख्यतः तेच ओढून घेतात आणि आधी तुटतात. म्हणून ब्रेसिंग दोन्ही दिशांना हवं.

अर्थात, हे उतार मुळात स्थिर असेल तरच. जमिनीला भेगा, बुंध्याशी वाकलेली झाडं किंवा नवे पाझर दिसले, तर नकाशा काढण्याआधी भू-तांत्रिक अभियंत्याकडून जागा तपासून घ्या.