मूट्टिप्पळम कोकणात फळेल का?

प्रश्न : केरळमधील इडुक्की जिल्ह्यात बुंध्यापासून वरपर्यंत लाल फळांचे घोस लगडलेले एक झाड पाहिले. तेथील लोक त्याला मूट्टिप्पळम म्हणतात. त्याचे एक रोप आणून परसात लावले, तर ते फळ देईल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : एकच रोप लावणार असाल, तर फळाची आशा धरू नये. आपण पाहिलेला वृक्ष म्हणजे बॅकॉरिया कोर्टालेन्सिस. आवळ्याच्या कुळातील हा सदाहरित वृक्ष फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागातील दमट जंगलांत निसर्गतः आढळतो. तमिळनाडूतील कुट्रालमवरून त्याला शास्त्रीय नाव मिळाले आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला थेट खोडावर फुलोरे येतात आणि फळे पावसाळ्यात पिकतात. आतला गर आंबटगोड असतो, तर जाड सालीचे लोणचे घालतात.

खरी अडचण हवामानाची नाही, झाडाच्या लिंगाची आहे. आपल्या भागातील कोकमाप्रमाणेच यातही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढवलेले रोप नर निघेल की मादी, हे पहिला फुलोरा येईपर्यंत ओळखता येत नाही, आणि तोवर काही वर्षे निघून गेलेली असतात. शिवाय मादी झाड मिळाले, तरी जवळपास नर नसेल तर फळधारणेची खात्री उरत नाही. कोकमाच्या बाबतीत मादी झाडाच्या काडीचे कलम बांधून कोकणातील बागायतदारांनी हा प्रश्न सोडवला. म्हणून आपणही रोपवाटिकेतून मादी झाडाची दोन-तीन कलमे घ्यावीत आणि सोबत एक नर झाड अवश्य लावावे.

हवामानाविषयी एवढेच सांगतो, की केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीचा चांगला पाऊस मिळतो, कोकणात मात्र तेव्हापासून मे अखेरपर्यंत जमीन कोरडी पडत जाते. त्यामुळे जागा सुपारीच्या बागेतली, सावलीची निवडावी, आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे आणि पहिली काही वर्षे उन्हाळाभर पाणी द्यावे.

एक कळकळीची विनंती : जंगलातून रोप उपटून आणू नये. मुळात मर्यादित प्रदेशात उरलेल्या या वृक्षाची नवी पिढी त्याच रोपांतून उभी राहायची आहे, आणि वनक्षेत्रातून असे रोप काढणे कायद्यालाही धरून नाही.