शेजारच्या दुकानातल्या यंत्राचा रात्रभर आवाज येतो, मालक ऐकतच नाही. काय करावं?

मालक ‘ऐकत नाही’ हे माझ्या बाबतीत शब्दशः खरं होतं. आमच्या भिंतीपलीकडे दुकान, त्यात मोठ्या फ्रीजचा कॉम्प्रेसर. रात्री दुकानाला कुलूप लागायचं, मालक घरी जायचा आणि कॉम्प्रेसर आमच्या उशाशी घरघरत राहायचा. त्यानं तो रात्री कधी ऐकलाच नव्हता. मी दोनदा भरदिवसा जाऊन भांडलो. दोन्ही वेळा तो म्हणाला, "कुठाय आवाज?" रस्त्याच्या गोंगाटात खरंच ऐकू येत नव्हता.

मग भांडण सोडून पंधरा दिवस वही ठेवली : यंत्र कधी सुरू, कधी बंद, कुठल्या खोलीत जास्त. कंटाळवाणं काम, पण त्यातून दोन गोष्टी कळल्या. झोप मोडत होती ती घरघरीनं नाही, यंत्र सुरू होताना बसणाऱ्या धक्क्यानं. आणि खिडकी लावली तरी काडीचा फरक नाही, भिंतीला कान लावला तर मात्र स्पष्ट.

ही कानाची परीक्षा तुम्ही आज रात्रीच करा, कारण उपाय त्यावर ठरतो. आवाज हवेतून येत असेल (पंखा, जनरेटर, स्पीकर) तर त्याचं तोंड फिरवणं, आडोसा करणं किंवा तो लांब नेणं उपयोगी पडतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. भिंतीतून येत असेल तर यंत्र भिंतीपासून सुटं करून खाली रबरी पॅड किंवा स्प्रिंग बसवायला हवेत. आपल्या बाजूनं फोम चिकटवण्यात पैसे घालवू नका. मी घातले. खोलीत घुमणं कमी झालं, घरघर जिथल्या तिथे.

मोबाइलवर आवाज मोजून येणाऱ्या आकड्यांवरही फार विसंबू नका. डेसिबल सहसा ‘ए’ मापनात मोजतात आणि त्यात खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरला जातो. १०० हर्ट्‌झला जवळजवळ १९ डेसिबलनं. म्हणून डोकं उठलेलं असतं आणि आकडा सभ्य दिसतो. रीतसर मोजणी झाली तर ‘सी’ मापनही घ्यायला सांगा, त्यात खर्ज फारसा कमी धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशीत झोपायच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, तेही तक्रारीच्या पत्रात लिहिता येतं.

मी शेवटी मालकाला रात्री अकराला घरी बोलावलं. आढेवेढे घेत आला, पलंगाच्या कडेवर बसला. पाचेक मिनिटांत भिंत थरथरली. तो उठला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "हे तर अँगलवरून येतंय." यंत्र लोखंडी अँगलनं थेट सामाईक भिंतीत ठोकलेलं होतं. आठवड्याभरात ते जमिनीवर आलं, रबरी पॅडवर.

तुमचा मालक येणारच नाही म्हणाला तर वहीची प्रत जोडून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दुकान भाड्याचं असेल तर जागेच्या मालकालाही द्या. भिंत त्याची आहे. ‘आवाज बंद करा’ असं लिहू नका, ‘यंत्र भिंतीपासून सुटं करा’ असं लिहा. वरच्या मजल्यावरच्यांनाही त्रास असेल तर त्यांची सही घ्या. त्यानंतरही हाललं नाही तरच स्थानिक प्रशासनाकडे जा. तिथे पहिला प्रश्न ‘कधीपासून, किती वेळ?’ हाच येतो, तेव्हा वही आजच सुरू करा.