नजर कमी होतेय, कॉम्प्युटरचं काम सोडून द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा ऐकला. तुम्ही परभणी जिल्ह्यात पंचायत समितीत लिपिक आहात, वय ४६, शुगरमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला लेसर झालंय, तरी मधोमध धुरकट दिसतं. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. कॉम्प्युटरवर बसून उरलीसुरली नजरही जाईल का आणि हे काम सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. स्क्रीनकडे बघितल्यानं पडदा खराब होत नाही. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. त्रास खरा आहे, पण त्यानं नजर जात नाही. तुमची नजर टिकणं शुगर, बीपी आणि वेळच्या वेळी पडदा तपासून घेण्यावर आहे. जालन्याचं गणपती नेत्रालय असो की संभाजीनगरची घाटी, तिथली तारीख चुकवू नका.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर बावीस वर्षं मुनीम आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा, घराण्यातून उतरणारा आजार. आई म्हणजे वडिलांच्या मामाचीच मुलगी. आमच्याकडे तशी रीतच होती, आणि नात्यातल्या लग्नात हा आजार उतरायची शक्यता वाढते हे तेव्हा कुणाला माहीत होतं? लहानपणी दिवेलागणीनंतर मला अंगणातली बाज दिसायची नाही, तिला अडखळून पडायचो. पुढं कडेचं दिसणं कमी होत गेलं. आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं.

तुमच्यासारखंच मीही लपवलं होतं, चार वर्षं. मग एका सोयाबीनच्या हंगामात, ऐन दिवाळीच्या गर्दीत, औशाकडच्या एका शेतकऱ्यानं हिशोबाची पट्टी परत आणून माझ्यासमोर ठेवली. "मुनीमजी, काट्यावर चौदा शहाऐंशी भरलं की, तुमी छप्पनच धरलाव." आठाचा पाच वाचला होता मी. तीस किलोचा फरक. क्विंटलला साडेचार हजारांच्या भावानं त्या माणसाचे साडेतेराशे रुपये माझ्या डोळ्यांनी खाल्ले असते. तो काट्याची चिठ्ठी जपून ठेवणारा होता म्हणून कळलं. ज्यांनी चिठ्ठी टाकून दिली त्यांचं काय, हे मला अजून टोचतं. त्याच संध्याकाळी शेठला सगळं सांगितलं.

आता कामाचं. तुमचा आजार आणि माझा आजार उलट आहेत, म्हणून माझ्या सेटिंगची नक्कल करू नका. मला नळीतून दिसतं, त्यामुळं अक्षर फार मोठं केलं की एका वेळी दोनच अक्षरं नजरेत मावतात आणि ओळ हरवते. मला मध्यम अक्षर, काळी पार्श्वभूमी आणि मोठा पिवळा बाण लागतो. तुमचं मधलं धुरकट आहे, कडेचं बरंच शाबूत असावं. तुम्हाला अक्षर मोठंच हवं. मोतीबिंदूही असेल तर पांढऱ्या स्क्रीनची झळ लागते, तेव्हा काळ्यावर पांढरं किंवा पिवळं करून बघा. विंडोजमध्ये डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की रंग असे उलटतात.

एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली: अक्षर मोठं दिसावं म्हणून स्क्रीनचं रिझोल्युशन कमी करतात. त्यानं अक्षर मोठं होतं, पण कडा फुटतात, आणि आपल्याला तर कडाच हव्या असतात. रिझोल्युशन आहे तसं ठेवा. विंडोज आणि यू दाबा, ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडेल. तिथं टेक्स्ट साइझ २२५ टक्क्यांपर्यंत वाढतं. माउसचा बाण आणि टायपिंगची उभी रेघही तिथंच मोठी आणि रंगीत करता येते. तेवढ्यानं भागलं नाही तर विंडोज आणि प्लस दाबा, भिंग सुरू होतं; विंडोज आणि एस्केपनं बंद. भिंगाच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट कर्सर'च्या, म्हणजे टायपिंगच्या रेघेच्या, मागं जायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा, म्हणजे तुम्ही टाइप करता तिथं भिंग आपोआप येतं.

पैसे न लागणारा उपाय म्हणजे स्क्रीन जवळ ओढणं. अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याला दुप्पट दिसतं. मान पुढं नेऊ नका, स्क्रीनच पुढं आणा. नव्या अंतरावर टेपनं मोजमाप घ्या आणि चष्म्याचा नंबर काढताना तेवढे सेंटिमीटर सांगा. वाचायच्या चष्म्यानं कॉम्प्युटर बघत बसलात तर कपाळ ठणकणारच. आणि खिडकी पाठीशी किंवा समोर नको, बाजूला हवी. आमच्या दुकानाचं शटर पूर्वेला आहे. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच यार्डातल्या पत्र्यांवरून असा झोत येतो की चांगल्या डोळ्यांच्या माणसाला स्क्रीन दिसत नाही. टेबल आडवं फिरवलं, निम्मा त्रास गेला.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते हे, की आज थोडं दिसतंय तोवरच बोटांना आणि कानांना काम शिकवा. नजर पूर्ण गेल्यावर शिकणं जमतं, पण फार जड जातं. आत्ता चुकलं तर डोळा सावरून घेतो.

बोटांपासून सुरू करा. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. पहिली बोटं तिथं ठेवा. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट शिका: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र, केवर क. पंधरवडाभर रोज अर्धा तास दिलात तर कळा बघाव्या लागणार नाहीत. आकड्यांच्या पॅडवर पाचलाही उंचवटा आहे. माझे सगळे वजनाचे आकडे त्याच्या भरवशावर जातात.

एक्सेल वापरत असाल तर त्यात 'स्पीक सेल्स ऑन एंटर' नावाची सोय आहे. ती रिबनवर दिसत नाही, ऑप्शन्समधल्या न दाखवलेल्या कमांडच्या यादीतून वर आणून ठेवावी लागते. मग एंटर दाबलं की भरलेला आकडा कानावर पडतो. 

मग कान. एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला. त्याच्यातला आवाज मराठी वाचतो. थोडा पत्र्यासारखा आहे, पहिले आठ दिवस वैताग येईल. डोळ्यांनी मजकूर बघत बघतच ऐका, म्हणजे कान लवकर बसतो, आणि वेग हळूहळू वाढवा. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की वाचन सुरू, कंट्रोल दाबलं की गप्प. पहिल्या आठवड्यात एवढंच पुरे. नुसता लेख ऐकायचा असेल तर एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा. तिथला मराठी आवाज कितीतरी गोड आहे.

तुमच्या ऑफिसात एक अडचण हमखास येईल: जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतील. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. 'ग्राम' हा शब्द कृतिदेवमध्ये असेल तर यंत्र 'एक्स, झेड, के, ई' वाचतं. दोष यंत्राचा नाही, फॉन्टचा आहे. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये, म्हणजे जिथं अक्षर आतूनही मराठीच असतं त्यात, बदलून घ्यावी लागते. स्कॅन केलेलं पत्र म्हणजे तर नुसता फोटो, तिथं यंत्र मुकं होतं. टपाल युनिकोडमध्येच द्या, हे सहकाऱ्यांना सांगावं लागेल, आणि त्यासाठी कारणही सांगावं लागेल.

म्हणून, लपवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २० (४) वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर नेता येत नाही. आहे ते काम जमेना तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या, पदावर ठेवायचं, असं कायदा म्हणतो. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत अल्पदृष्टी ठरू शकता. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागलं तर पुढचे लाभही मिळतात. नेत्रतज्ज्ञांचे सगळे कागद आणि लेसरची तारीख सोबत न्या.

गटविकास अधिकाऱ्यांना मोठ्या स्क्रीनसाठी, एनव्हीडीए टाकून घेण्यासाठी आणि युनिकोड टपालासाठी एकच अर्ज पुरतो. तुमचं पदनाम आणि टेबलावर नेमकं कुठलं काम आहे ते कळवा, मसुदा मी लिहून देतो.