वाचकांचे प्रश्न : जुन्या रुळांवरची मोनोरेल

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न लेगो या खेळण्यातल्या विटांच्या जुन्या रेल्वेरुळांपासून मोनोरेल, म्हणजे एकाच रुळावर चालणारी गाडी, बांधण्याबद्दलचे आहेत. लेगोने स्वतः मोनोरेलचे तीन मोठे संच काढले होते : १९८७, १९९० आणि १९९४ साली. ते भाग आता महाग पडतात. त्यामानाने १९६६ ते १९९० या काळातले सुटे रूळ डब्याने मिळतात आणि त्यातला एकेकटा रूळ मोनोरेलचा उत्तम तुळई-मार्ग होतो. उत्तरांत 'स्टड' म्हणजे विटेवरचा एक गोल उंचवटा. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर.

प्रश्न : माझ्याकडे निळे, राखाडी आणि वर धातू असलेले असे तिन्ही प्रकारचे रूळ आहेत. यातले कोणते चालतील? (पुणे)

निळे (१९६६ ते १९७९) आणि राखाडी (१९८० ते १९९०) चालतील, कारण त्यांत दोन्ही रूळ आणि खालचे स्लीपर (रुळांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) सुटे होतात. १९९१ पासूनचे धातूचे रूळ स्लीपरसकट अखंड ओतलेले आहेत, त्यांतून एक रूळ वेगळा निघत नाही. ते विकून निळे-राखाडी घेतलेत तर फायद्यात राहाल. १२ व्होल्टच्या मार्गातल्या मधल्या विद्युत-पट्ट्या बाजूला ठेवा. त्या मार्गाची मोटर खालच्या दोन पट्ट्यांवरून वीज घेते, एका रुळावर ती मिळणार कुठून? आपल्या गाडीत बॅटरी गाडीतच न्यायची आहे.

रूळ धुताना पाणी कोमट, ४० अंशांच्या आत, आणि साधा साबण. गरम पाण्याने लांब भाग वाकडे होतात आणि वाकडा रूळ खांबावर कधीच नीट बसत नाही.

प्रश्न : १६ वळणाचे रूळ जोडले, पण गोल पुरा होईना. एका बाजूला फट राहते आणि रूळ ताणले जातात. काय चुकतंय? (नागपूर)

आतला आणि बाहेरचा रूळ एकत्र झाले आहेत. जुन्या मार्गात दोन रुळांच्या मध्यरेषा ५ स्टडच्या अंतराने असतात, म्हणून वळणाचे रूळ दोन मापांचे आहेत. आतल्याची त्रिज्या साडेसदतीस स्टड (३०० मिमी) आणि बाहेरच्याची साडेबेचाळीस स्टड (३४० मिमी). दोन्ही प्रत्येकी साडेबावीस अंश वळतात, त्यामुळे एकाच मापाचे १६ घेतले तर गोल आपोआप मिटतो. मिसळले तर मिटणार नाही. डोळ्याने फरक पटकन कळत नाही, पट्टी लावा : टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत आतला सुमारे ११७ मिमी भरतो, बाहेरचा सुमारे १३३. दोन वेगळ्या डब्यांत टाका आणि नंतरच बांधकामाला हात घाला.

याच त्रिज्यांत एक छान सोय दडलेली आहे. मोनोरेलचा मार्ग एका स्टडच्या रुंदीचा असल्याने त्याची मध्यरेषा स्टडच्या मधोमध जाते. ४ रुळांत पाव गोल पूर्ण झाला की मार्ग दोन्ही दिशांना साडेसदतीस स्टड सरकतो आणि पुन्हा स्टडच्या मधोमध येऊन बसतो. म्हणजे पाव गोलाच्या दोन्ही टोकांचे खांब बेसप्लेटवर (तळाच्या स्टडवाल्या मोठ्या पाटीवर) पक्के दाबता येतात. मधले तीन सांधे मात्र तिरके पडतात, त्यांबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : खांब कसे आणि किती करायचे? एक साधा लंबगोल मार्ग करायचा आहे. (ठाणे)

आतले वळणाचे रूळ १६ आणि सरळ रूळ ८ (प्रत्येक बाजूला ४) घ्या. मध्यरेषेने मोजलं तर मार्ग १३९ स्टड लांब आणि ७५ स्टड रुंद होतो, म्हणजे साधारण १११ बाय ६० सेंटिमीटर. एका फेरीची लांबी सुमारे २.९ मीटर.

खांब प्रत्येक सांध्याखाली हवाच. सांधे २४, शिवाय प्रत्येक सरळ रुळाच्या मध्याखाली एक, असे एकूण ३२ खांब. सांध्याखाली १×२ स्टडची प्लेट (पातळ चपटी वीट) मार्गाच्या दिशेने बसवा, एक स्टड या रुळात आणि दुसरा पुढच्या रुळात. जुन्या मार्गात स्लीपर हेच काम करत होता. पकड सैल लागली तर प्लेट बदला, रूळ चिकटवू नका. जुन्या प्लेटची पकड झिजलेली असते. नव्या प्लेटने बहुतेक सांधे घट्ट होतात.

प्लेटखाली १×२×५ ची एकसंध उंच वीट लावा. पाच सुट्या १×२ विटांचा खांब डुलतो, एकसंध विटेचा डुलत नाही. गाडीचे दोन्ही बाजूंचे पदर (रुळाच्या दोन्हीकडे खाली लोंबणारे भाग) जिथवर खाली उतरतात तिथवर खांब एका स्टडइतकाच रुंद हवा, नाहीतर पदर खांबाला धडकतील. त्याखाली २×२ च्या विटा हव्या तितक्या चढवा आणि तळाला ६×६ ची प्लेट द्या.

वळणातले तिरके खांब बेसप्लेटच्या स्टडवर बसणार नाहीत, जबरदस्ती करू नका. तेवढ्या भागात गुळगुळीत, बिनस्टडच्या टाइल अंथरा आणि खांब त्यावर मोकळे उभे करा. दोन्ही टोकं पक्की असल्यावर मधले खांब हलत नाहीत. उलट ते किंचित सरकू शकतात म्हणूनच सांध्यांवर ताण येत नाही.

प्रश्न : गाडी सरळ मार्गावर छान पळते, पण वळणावर अडते किंवा एका बाजूला कलंडते. (कोल्हापूर)

ही दोन दुखणी वेगळी आहेत.

आधी अडण्याचं. बोगीत (डब्याखालच्या चाकांच्या जोडणीत) वर एक रबरी टायर रुळाच्या माथ्यावर चालतो आणि दोन्ही बाजूंना उभ्या अ‍ॅक्सलवरचे रोलर रुळाला धरून ठेवतात. रोलरच्या जोड्या पुढे एक आणि मागे एक, एवढ्याच ठेवा. मधे तिसरी जोडी घातली की वळणावर गाडी अडणारच : टोकाच्या जोड्या ४८ मिमी अंतरावर असतील, तर ३०० मिमी त्रिज्येच्या वळणावर मधला रूळ सरळ रेषेपासून जवळजवळ १ मिमी बाहेर झुकतो, आणि तिसऱ्या जोडीला तेवढी जागाच नसते. समोरासमोरच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये १६ मिमी ठेवून त्यांवर लेगो टेक्निकच्या अर्ध्या बुश (छोट्या गोल कड्या) बसवल्या, तर मधे जवळपास साडेआठ मिमी फट राहते. तुमच्या रुळाचा पाया कॅलिपरने मोजून पाहा. फट त्याहून अर्धा ते पाऊण मिमी जास्त हवी.

डब्याचे पदरही तपासा. दोन बोगींच्या मध्यबिंदूंत १६ स्टड अंतर असेल तर वळणावर डब्याचा मधला भाग रुळापासून सुमारे ७ मिमी सरकतो. म्हणून पदर आणि रूळ यांत दोन्हीकडे पूर्ण १ स्टड मोकळा सोडा. पदर २ स्टड जाडीचे धरले तर डबा ७ स्टड रुंद होतो. रुंदी विषमच ठेवा, कारण रूळ एका स्टडचा आहे. ६ किंवा ८ स्टडचा डबा अर्धा स्टड एका बाजूला जातो. ४ स्टड रुंदीची बॅटरीपेटी या डब्यात मधोमध आणायला जंपर प्लेट (अर्धा स्टड सरकवून जोडू देणारी प्लेट) वापरा.

आता कलंडण्याचं. रोलर फक्त रुळाच्या उंचीवर आहेत, खाली आधाराला भिंत नाही. तेव्हा गाडीचा तोल रुळाच्या माथ्याखाली आलाच पाहिजे, बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणाऱ्या गोणींसारखा. सहा बारीक (एएए) सेलची पेटी वर बसते, तिला तोलायला दोन्ही पदरांत २×६×२ च्या वजनी विटा प्रत्येकी २ घाला. मोटर बंद ठेवून छत बोटाने बाजूला ढकला. गाडी स्वतःहून सरळ झाली तर वजन पुरेसं आहे, तशीच कललेली राहिली तर अजून खाली न्या.

प्रश्न : मोटर कोणती? लेगोच्या मोनोरेलची जुनी मोटर मिळते आहे, घेऊ का? (पणजी)

या कामासाठी घेऊ नका. तिचं दातेरी चाक मार्गावरच्या दात्यांत अडकून चालतं आणि रेल्वेचा रूळ गुळगुळीत आहे. रेल्वेच्या मोटरीही नकोत, त्यांची चाकं दोन रुळांच्या अंतरावर कायमची बसवलेली असतात.

लेगोच्या पॉवर फंक्शन्स या मोटर-बॅटरी मालिकेतली एम मोटर योग्य. भाराशिवाय ती मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. ३० मिमी व्यासाचा टायर थेट जोडला तर गाडी वळणावरून उडेल, म्हणून १२ दात्यांवरून २० दात्यांवर वेग उतरवा. भार धरून सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या आसपास वेग मिळतो आणि वरचा लंबगोल मार्ग ११-१२ सेकंदांत पुरा होतो.

प्रश्न : मार्गाला चढ देता येईल? (डोंबिवली)

सरळ भागात येईल, वळणावर नको. एका सरळ रुळामागे एक प्लेट (३.२ मिमी) उंची वाढवा, म्हणजे अडीच टक्के चढ. एक पूर्ण वीट वाढवलीत तर चढ साडेसात टक्के होतो, सांध्यावरची प्लेट उचकटते आणि टायर जागच्या जागी फिरतो. चढावर रुळाच्या मध्याखालचा खांब काढून टाका, तिथे अर्ध्या प्लेटची उंची लागते आणि ती मिळत नाही.

प्रश्न : खांबांशिवाय, जमिनीवरच एका रुळाची गाडी चालवता येईल का? (बडोदा)

येईल, आणि तिला भारतातलाच दाखला आहे. पतियाळा संस्थानात १९०७ ते १९२७ अशी गाडी होती : एक रूळ जमिनीवर, त्यावर दोन्हीकडून कडा असलेली चाकं, आणि तोल राखायला बाजूला रस्त्यावर टेकणारं एक चाक. तिचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

खेळण्यात रोलरची बोगी तशीच ठेवा आणि ६ स्टडवर एक आडवा हात काढून त्याला मोठं चाक लावा. बोगीचे रोलर खाली टेकू नयेत म्हणून रूळ दोन प्लेट उंच घ्या. बाजूचं चाक चालत्या अ‍ॅक्सलला कधीच जोडू नका. ते वळणाच्या बाहेर असेल तर त्याची त्रिज्या साडेत्रेचाळीस स्टड होते, म्हणजे रुळावरच्या चाकापेक्षा त्याला १६ टक्के जास्त अंतर कापावं लागतं. एकाच अ‍ॅक्सलवर असलं की ते घसटत जातं आणि बोगी रुळावरून ओढून काढतं. वजन जवळजवळ सगळं रुळावर ठेवा, बाजूच्या चाकावर नुसता टेकू. ज्या पट्ट्यावरून ते चाक जाईल तिथे टाइल लावा. स्टडवरून गेलं तर गाडी थडथडत राहते.