मागची बाजूही पाठव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू डिझाइन केलेलं आंब्याच्या पेयाचं कार्टन पाहिलं. आंबा झकास उतरलाय. फोडीवरचा थेंब बघून माझ्यासारख्या मधुमेह्याचीही जीभ चाळवली. मग घटक वाचले, तू मेसेजमध्ये लिहिलेले: पाणी, साखर, आंब्याचा गर. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे गर तिसरा. आणि समोर तुझ्या देखण्या अक्षरांत ‘अस्सल आंबाच!’

नोकरी सोडू का, विचारतेस. एवढ्यावरून सोडू नकोस. घरभाडं भरायचंय तुला, आणि मी कोणत्या तोंडानं सांगू?

नव्वदच्या दशकात मी गोरं करणाऱ्या एका क्रीमचं काम केलं. एकाच मुलीचा चेहरा सहा पट्ट्यांत, सावळ्यापासून गोऱ्यापर्यंत. फोटोशॉप नवं होतं, हात शिवशिवत होते. प्रूफ घरी टेबलावर राहिलं. संध्याकाळी बघतो तर भाची आरशासमोर उभी, कागद गालाला लावून. तिसरी पट्टी जुळते की चौथी, ते पाहत होती. नऊ वर्षांची असेल. काम छापून गेलं, पैसेही वेळेवर आले. त्या सहा पट्ट्या मला अजून दिसतात.

१९६३ साली लंडनमध्ये केन गार्लंड या डिझायनरनं ‘फर्स्ट थिंग्ज फर्स्ट’ नावाचा जाहीरनामा लिहिला. आपलं कसब टूथपेस्ट आणि मांजरांच्या खाण्यासारख्या गोष्टींवरच खर्ची पडतंय, ही तक्रार. बावीस जणांनी सह्या केल्या. जाहिराती बंद करा असं त्यांनी म्हटलं नव्हतं, हे मला आवडतं. पण सही करणं सोपं गं. संध्याकाळी सात वाजता क्लायंट म्हणतो, ‘ती खालची ओळ जरा बारीक करा ना’, तेव्हा खरी परीक्षा. आपलं सगळं पापपुण्य अक्षराच्या मापातल्या त्या एका पॉइंटात असतं, आणि ते कमी करणारा हात आपलाच.

म्हणून भाषण देऊ नकोस, प्रिंट काढ. खऱ्या मापाची, घडी घालून, डिंकानं चिकटवून. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जा, फळीवर ठेवू दे म्हणावं. एखाद्या आजींना विचार, यात काय आहे? त्या ‘आंब्याचा रस’ म्हणाल्या, तर तुझं डिझाइन बोलतंय ते खोटं आहे, प्रत्येक शब्द कायद्यात बसला तरी. हेच मीटिंगमध्ये सांग. ‘मला पटत नाही’ म्हटलं की साहेब हसतात, ‘गिऱ्हाईक फसलंय’ म्हटलं की वकिलाला फोन जातो. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे दावे लेबलांवरून काढायला लावले, तेही सोबत जोड. ‘अस्सल’ कशाच्या आधारावर, ते ईमेलवर माग. तोंडी नको.

तुझा भाऊ ॲपं करतो ना? त्यालाही सांग. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांच्या धंद्यातल्या तेरा लबाड्यांची सरकारी यादीच आहे. ऑनलाइन खरेदीत न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं त्यातलंच.

दुसरा लेआउट कर. आंबा राहू दे, थेंबही राहू दे (तो मलाच आवडलाय). ‘अस्सल’ काढ, ‘आंब्याचं पेय’ समोर घे, तेवढ्याच जाडीत. दोन्ही एकदम दाखव. कदाचित पहिलंच निवडतील. तरी दुसरं त्यांनी पाहिलेलं असेल.

फाइल पाठव. मागची बाजूही पाठव, या वेळी नुसती पुढचीच आली होती.

तुझा,
सर