तलवारींची कमान आणि केक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे होणारे पती सैन्यात अधिकारी आहेत. लग्न लागल्यावर त्यांचे सहकारी समोरासमोर दोन रांगांत उभे राहून आमच्या डोक्यावर तलवारींची कमान धरणार आहेत आणि आम्ही तिच्याखालून चालणार आहोत. तयारी काय करावी?

उत्तर : ६ किंवा ८ जण पुरेत. समोरासमोरची जोडी सारख्या उंचीची हवी. सर्वांत जास्त जपायचे ते दोन रांगांमधले अंतर. ताणलेला हात आणि पाते मिळून लांबी साधारण दीड मीटर भरते. रांगा २ मीटरवर असतील तर तलवारी ४५ अंशांत उभ्या राहतात आणि टोके डोक्यांच्या बरीच वर भेटतात. फोटो मोकळा यावा म्हणून रांगा ३ मीटरवर नेल्या, की टोके जुळवण्यासाठी हात आडवे होतात आणि पाती थेट चेहऱ्यासमोर येतात. म्हणून उभे राहायच्या जागा आदल्या दिवशीच खडूने आखून ठेवा. शेजारच्या दोघांत १ मीटर सोडा.

पात्याची धार वर, तलवार उजव्या हातात. हुकूम एकानेच द्यायचा, आणि कमान पूर्ण होईपर्यंत तुम्ही दोघांनी पाऊल टाकायचे नाही. सराव हातमोजे घालूनच करा, कारण नव्या सुती मोज्यांतून मूठ सटकते. म्यान करतानाही घाई नको. शोभेच्या स्वस्त तलवारी अजिबात नकोत. त्यांचे पाते मुठीत खोल बसवलेले नसते, ते निखळू शकते.

जागा शक्यतो दाराबाहेरची निवडा. अनेक चर्चमध्ये आत शस्त्र उपसू देत नाहीत, आणि सभागृहात झुंबरे, तोरणे आडवी येतात.

अमेरिकी सैन्यात शेवटची जोडी तलवारी खाली आणून वाट अडवते आणि वधूला पात्याच्या सपाट बाजूने मागून हलकेच थापटते. वधू स्वतः सैन्यात असेल तर हे करत नाहीत. आमच्या मते इतर वधूंनाही आधी विचारावे. नको म्हटले तर तो विषय तिथेच संपवावा.

प्रश्न : केक तलवारीने कापला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण पात्यावर गंज न चढण्यासाठी तेल लावलेले असते आणि ते नक्षीच्या खाचांत साचते. कोमट पाणी आणि साबणाने धुऊन पाते पूर्ण कोरडे करा. केक मजल्यांचा असेल तर सर्वांत खालचा थर कापा. पाते सरळ खाली दाबा, करवतीसारखे ओढू नका. टोकाच्या दिशेला कुणी उभे नको, छायाचित्रकारही नको. पहिला काप झाला की पुढे साधी सुरी. पाते लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवूनच म्यानात घाला. ओले गेले तर म्यानातली ओल टिकते आणि गंजाचे ठिपके पडतात.

प्रश्न : दिवंगत आजोबांची पदके मी सुटावर लावू का?

उत्तर : ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या अनेक देशांत वारस ती उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याची. गणवेशात असाल तर मात्र फक्त स्वतःची पदके लावा, आणि कोटाला फूलही नको.