छोट्या विमानाचं इंधन उडता उडता संपतंच कसं? पायलटला काटा दिसत नाही का?

तुमचं म्हणणं असं की बाईकचं पेट्रोल संपलं तर समजू शकतो, पण विमानाचं संपेपर्यंत पायलट काय करत असतो, समोर काटा असतो ना. असतो. पण त्या काट्यावर भरवसा ठेवू नका हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच सांगतात, आणि तरी माणूस ठेवतो. मी ठेवला होता म्हणून लिहितोय.

मी सोलापूरचा, शिकलो सेसना १५२ वर. दोन सीटचं विमान, दोन्ही पंखांत एकेक टाकी, मिळून साधारण ९८ लिटर, त्यातलं पाच-सहा लिटर तळाशी राहतं ते इंजिनला मिळतच नाही. तासाला अंदाजे २३ लिटर जातं. टाकीत बाईकसारखाच फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगणारा गोळा असतो, विमान जरा तिरकं झालं, हवेत हिंदकळलं की काटा पण नाचतो. म्हणून उडण्याआधी पंखापाशी चढायचं, झाकण काढायचं, खुणा केलेली पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. इंधन निळसर असतं, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात ती ओल बघता बघता उडून जाते, पट्टी बाहेर काढली की लगेच वाचावी लागते.

एकदा सोलोवर, म्हणजे एकटाच, शिकत होतो तिथून सोलापूरला होटगी रोडच्या विमानतळावर आलो होतो. निघताना उशीर झाला होता, आधी उडून आलेला मित्र म्हणाला टाकी बघितलीय भरपूर आहे, काटा पण अर्ध्याच्या वर होता, मी पट्टी न बुडवताच निघालो. वाटेत समोरून वारा, म्हणजे जमिनीच्या तुलनेत वेग कमी आणि वेळ जास्त, शिवाय मिक्स्चर लीन केलंच नाही, म्हणजे हवेत मिसळणारं इंधन कमी केलं नाही, इंजिन गरजेपेक्षा जास्त पीत राहिलं. सोलापुरात उतरलो तेव्हा काटा पावच्या जरा वर. आप्पा चादरीच्या कारखान्यातून मला बघायला आले होते, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर "टाकीत किती हाय?" त्यांची सवयच ती, लुनाचं झाकण काढून गाडी हलवून आवाज ऐकल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. त्यांच्यासमोर पट्टी बुडवली. दोन्ही टाक्या मिळून २० लिटर. न वापरता येणारं वजा केलं तर १४, म्हणजे ३५-४० मिनिटं. परतीचा प्रवास ५० मिनिटांचा. काट्यावर विसंबून तसाच निघालो असतो तर टेंभुर्णी-इंदापूरच्या मधे कुठेतरी उसाच्या फडावर इंजिन बंद पडलं असतं.

अमेरिकेत तर नियम असा की उपकरणांऐवजी बाहेर नजरेने बघत उडताना दिवसा पोचल्यावरही ३० मिनिटांचं इंधन उरलं पाहिजे, रात्री ४५. माझ्याकडे पोचण्यापुरतंसुद्धा नव्हतं.

आणखी एक, इंधन असूनही इंजिन उपाशी मरतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात समुद्रात पडून गेले त्यात हेच होतं. त्यांच्या लाँग-ईझी विमानात टाकी बदलायचा खटका डाव्या खांद्याच्या मागे, वळून हात घातल्याशिवाय पोचत नाही, आणि वळताना पाय रडरच्या, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर दाबला जाऊ शकतो. म्हणून कुठली टाकी चालू आहे आणि दुसरीत किती आहे हे आधीच माहीत पाहिजे, वर गेल्यावर शोधायचं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं का. नाही पडत. सेसना १५२ तीन हजार फुटांवरून वारा नसेल तर साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर. नांगरलेलं का होईना मोकळं रान मिळालं तर माणूस वाचतो, टाकी रिकामी असल्याने आगीची भीतीही कमी. जीव जातो तो बहुतेक वेळा धावपट्टी गाठायच्या हट्टापायी नाक वर खेचत राहिलं, वेग गेला आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी झाली की.

त्या दिवशी मी सरांना फोन केला, खरं काय ते सांगितलं. ते ओरडले नाहीत, म्हणाले तिथेच थांब. जीपमधून इंधनाचे कॅन यायला तीन-साडेतीन तास लागले, तोवर आप्पा कारखान्यात परत न जाता माझ्याजवळ लिंबाच्या सावलीत बसून राहिले, आणि इंधन भरून झाल्यावर म्हणाले, "परत बुडव ती पट्टी, मला बघू दे."